मुखरूभाऊची रेघ

सन दोन हजार सतरा. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि मुखरूभाऊ शहात्तरचा. त्या उन्हाळ्यात नगरपालिकेने आमच्या शहरातली बुजलेली नहर पुन्हा उकरायचं ठरवलं, आणि ती नेमकी कुठून जात होती हे सांगणारा एकच माणूस शिल्लक होता. तो माणूस कसा होता ते लिहून ठेवतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुकेल ते चुकेल, कोणी दुरुस्त करू नये. मुखरूभाऊ आता नाही, पण नरहरी सेठ अजून जिवंत आहे, म्हणून घाईने लिहितो. तो मेल्यावर लिहिलं तर वाचणार कोण?

आता ही नहर पाहायला चंद्रपूरहून माणसं येतात. मालगुजारी तलावाच्या गेटापासून कारखान्याच्या भिंतीपर्यंत दोन्ही काठांना सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू बसवले आहेत, बाकं टाकली आहेत, संध्याकाळी निळे दिवे लागतात. पाटीवर ‘कालवा’ लिहिलं आहे. आम्ही नहरच म्हणतो. मी रोज सकाळी हा सगळा काठ चालतो. पहिल्या पुलाजवळ काळा दगड लावला आहे, नहर कोणी जिवंत केली त्यांच्या नावांचा. वरून तिसरं नाव नरहरी सेठचं. मुखरूभाऊचं नाव दगडाच्या मागच्या बाजूलाही नाही, मी वाकून पाहून आलो. त्या दगडाला पाठ देऊन मी तंबाखू मळतो. पुढे बाजार ओलांडला की सेठचं घर. म्हणजे अर्धं घर. जिना वर चढतो आणि हवेत संपतो. भिंतीवर दिवाणखान्याचा गुलाबी रंग अजून दिसतो, पावसाने उडालेला. तिथे मी मुद्दाम हळू चालतो.

मुखरूभाऊला गट्टू आवडले नाहीत. नवा काठ झाल्यावर तो दोन-तीन वर्षं त्यावर फिरला, पण गट्टूंच्या बाजूला हातभर मातीची पट्टी सुटली आहे, तिच्यावरून.

“हे कायले टाकलं बे, लटारी?” मला म्हणाला. “पायाले बहिरं करून टाकलं.”

त्याने जन्मभर पायात चप्पल घातली नाही. मिळत नव्हती असं नाही. तो पाणकर होता. तलावाचं पाणी नहरीने खाली उतरतं, तेव्हा कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, किती वेळ सोडायचं हे पाणकर ठरवतो, आणि नहरीची पाळ, म्हणजे काठाचा मातीचा बांध, फुटू न देणं हेही त्याचंच काम. शेतकरी सुगीला त्याला धान देत. मुखरूभाऊ ढिवर समाजाचा, पाण्याची माणसं ती. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असला की उजाडायच्या आत तो तलावाच्या गेटापासून शेवटच्या बांधीपर्यंत पाळीवरून अनवाणी जायचा. मधेच थांबायचा. टाच दाबायचा. माती कोरडी दिसली तरी म्हणायचा, “इथी थंड लागून राह्यलं,” आणि खणलं की हातभर खाली खेकड्याचं बीळ सापडायचंच. नहर खेकड्यामुळेच फुटते. बीळ आधी बोटाएवढं असतं, मग पाणी त्याला मोठं करतं.

बीळ बुजवायची त्याची एक पद्धत होती. दुसरा कोणी असता तर वरून चिखल थापून मोकळा झाला असता. मुखरूभाऊ आधी पाळ खणून खेकडा बाहेर काढायचा, मग वारुळाची माती आणि धानाच्या पेंढ्याचं तणीस तुडवून भरायचा. खेकडा आत ठेवून तोंड बंद केलं तर तो दुसरीकडून निघतो, आणि मग एकाची दोन बिळं होतात. “चोर घरात ठेवून कुलूप लावाचं नसते,” असं तो सांगायचा. ही पद्धत लक्षात ठेवा. हिच्यामुळेच त्याचा गळा कापला गेला.

माणूस बारीक, काळा, कानाच्या पाळ्या लांब. लोकांना तो नावाने हाक मारत नसे. ज्याची नहरीवर जेवढी जमीन, ते त्याचं नाव. “काय जी, तीन बांधीवाले.” जमीन विकून माणूस कारखान्यात कामाला लागला, साहेब झाला, तरी मुखरूभाऊसाठी तो तीन बांधीवालाच. एकदा बँकेत तिथल्या मोठ्या बाबूला त्याने भर गर्दीत विचारलं, “काऊन बे, अर्ध्या बांधीच्या, बाप बरा हाय का तुहा?” बाबू उठून पाया पडला. बाकीचे हसत राहिले.

एकोणनव्वद साली नहर फुटली. रोवणा आटोपून आठ दिवस झाले होते. बाजारामागे पाळीला दहा हातांचं भगदाड पडलं आणि खालची रोपं मुळासकट वाहून गेली. सकाळी सगळं गाव तिथे जमलं. भगदाडाच्या एका कडेला वारुळाची माती आणि तणीस दिसत होतं. मुखरूभाऊने दोन दिवस आधी तिथलं बीळ खणून बुजवलं होतं.

नरहरी सेठ तेव्हा सेठ नव्हता, नुसता नरहरी होता. पाळीच्या खालच्या अंगाला त्याची विटाभट्टी होती. तोच पहिला बोलला.

“पाहा जी, पाळ कोनी खनली ते. खेकडे खायाले खनली ह्यानं. जीभ चालली आन् गाव बुडालं!”

मुखरूभाऊ म्हणाला, “खेकडा काढल्याबिगर बीळ बुजत नाई. मी बुजवलं ते अजून तसंच हाय, डोळे हाय का नाई तुमाले? पाळ खालून गेली. पायथ्याची माती कुठी गेली ते पाहा ना.”

पायथ्याची माती कोण पाहतो? ज्याचं धान वाहून गेलं त्याला माणूस हवा असतो, आणि माणूस तर समोरच उभा होता. त्याच दिवशी मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि मुखरूभाऊची पाणकरकी काढून घेतली. दरवर्षी गेटावर नारळ फोडून पहिलं पाणी सोडायचा मान त्याचा होता, तोही गेला. एवढंच असतं तर निभलं असतं. पण गावाला चिडवायला शब्द मिळाला. पोरं मागे ओरडायची, “खेकड्या, नहर फुटली!” त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न आरमोरीवाल्यांनी त्याच शब्दावर मोडलं. त्या दिवसापासून मुखरूभाऊने खेकडा तोंडात घातला नाही.

पायथ्याची माती नरहरीच्या भट्टीत गेली होती. रोज थोडी थोडी, चार महिने. ती वाहून नेणारी एक बैलगाडी माझी होती. बैठकीत मी मागे बसलो होतो आणि बोललो नाही. ह्याच्यावर मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

पुढे कारखाना आला. खालच्या बांध्या गेल्या, पाण्याचं काम उरलं नाही. नहरीत राख पडली, मग कचरा, मग मुरूम, मग घरं. नरहरी बाजारामागची बुजलेली नहर दाबून बसला आणि तिच्यावर दुमजली घर बांधलं. मुखरूभाऊनेही घर नहरीच्या पोटातच बांधलं, खाली वस्तीच्या टोकाला. कुडाच्या भिंती, वर मातीचे कवेलू. तिथे नको म्हणून त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, किती डोकं फोडलं.

“पानी आलं त आपन वाहून जाऊ ना!”

“त्याच्यासाठीच,” मुखरूभाऊ म्हणाला. “पानी आलं त पहिले मले समजलं पाहिजे.”

“ह्या मानसाच्या डोक्यात पानी शिरलं हाय बाप्पा,” सगुणाबाई शेजाऱ्यांना सांगायची. “आन् निघाले वाट नाई.”

त्याचा नेम मात्र सुटला नाही. पाणकरकी नाही, पाणी नाही, नहर नाही, पण हा रोज सकाळी तलावापासून खालपर्यंत चालायचा, पूर्वीच्याच वाटेने. त्या वाटेवर आता दुकानं होती, गोठे होते, लोकांची अंगणं होती. तो कोणाच्या अंगणातून शिरून कोणाच्या मोरीमागून निघायचा. कुत्रीही त्याला भुंकत नसत. सेठच्या फाटकासमोर आला की काठी दोनदा आपटून मोठ्याने म्हणायचा, “सेठ, पानी जाग्यावरच हाय!” आणि पुढे निघायचा. शिवी नाही, काही नाही. एवढंच. वर्षानुवर्षं.

सेठने एकदा हवालदाराला बोलावलं. मी सोबत होतो.

“काऊन रे बुढ्या, रोज दारात येऊन काय बरळते?”

“पान्याची खबर देतो साहेब. पानकर आहो.”

“इथी पानी कुठी हाय बे?”

“सेठच्या पलंगाखाली.”

हवालदाराला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. पण सेठ हसला नाही, कारण ते खरं होतं. दर पावसाळ्यात त्याच्या दिवाणखान्याला ओल यायची. तीनदा फरशी बदलली, तीनदा फुगून वर आली. मिस्त्री कामाला आला की मुखरूभाऊ मुद्दाम समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचा, एरवी चहा न पिणारा माणूस.

नगरपालिकेच्या निवडणुकीत सेठ पांढरे कपडे घालून घरोघर हात जोडत फिरला. मुखरूभाऊच्याही दारात आला, मागे पंधरा माणसं. मुखरूभाऊने खाट टाकली. दारी आलेल्याला पाणी दिलंच पाहिजे, म्हणून झाकण ठेवलेला लोटा हातात दिला. सेठने झाकण काढलं तर आत जिवंत खेकडा, नांग्या वर करून. लोटा एकीकडे आणि सेठ एकीकडे.

“घाबरता काऊन?” मुखरूभाऊ शांतपणे म्हणाला. “तुमचा जुना गवाहदार हाय थो. मत मांगाच्या आधी त्याले इचारा, पाळ कोनी फोडली.”

सेठ निवडून आला, तो भाग वेगळा. पण खेकड्याची गोष्ट चौकाचौकात झाली.

मी सोबत होतो असं वर लिहिलं. का होतो, तेही सांगून टाकतो. नहर फुटल्याच्या पुढच्या वर्षी मुखरूभाऊ एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं, आता काठी डोक्यात बसते. तो म्हणाला, “तुह्या डाव्या बैलाचं खूर फाटकं हाय ना? त्याचे ठसे पाह्यले मी पायथ्याले. चाल.” मी विचारलं, कुठे? “पाळीवर. रोज येत जाय.” मला नाही म्हणता आलं नाही. सेठचा सूड त्याने दारात उभं राहून घेतला, माझा मला बाजूला घेऊन चालून. रस्त्याने तो त्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलत नसे. फक्त बाजारामागच्या जागेवर आला की थांबायचा, मी खाली पाहीपर्यंत. मी बैल विकून कारखान्यात लागलो, शिफ्टची नोकरी केली, निवृत्त झालो, तरी तो नेम सुटला नाही. मला त्याचा राग यायचा. त्याच्यावर उपकार करतो असंही कधी वाटलं नाही. पण एखाद्या दिवशी हाक आली नाही तर मीच त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो.

तर, दोन हजार सतरा. नहर उकरायला तरणा इंजिनिअर आला. जुना नकाशा घड्यांवर फाटलेला, त्यातली निशाणीची झाडं तोडून जमाना झालेला. कोणी सांगितलं, एक म्हातारा रोज नहरीवरून चालतो. इंजिनिअरला ते हसण्यासारखं वाटलं. पण त्याने एका सकाळी मागे चालून पाहिलं, मुखरूभाऊने टाच दाबली तिथे खड्डा घेतला. चार हातांवर काळा गाळ लागला आणि गाळात गोगलगायींचे पांढरे शिंपले. मग इंजिनिअर ‘बाबा’ म्हणायला लागला. परवा चुन्याची पांढरी फक्की घेऊन येतो म्हणाला, तुम्ही चाला, आम्ही मागून रेघ ओढू.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. रेघेच्या आदल्या संध्याकाळी नरहरी सेठ मुखरूभाऊच्या अंगणात आला. एकटाच. मी तिथेच बसलो होतो.

“मुखरूभाऊ,” सेठ म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भाऊ. “रेघ बाजाराच्या वरतून वीस हात सरकवा. माहं घर वाचते. आन् तिथी वळली त खाली तुमचं बी वाचते. मले दुसरं घर हाय. तुमाले काय हाय? कागद नाई, पट्टा नाई. बुढीले कुठी नेसान?”

बोलला ते खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. सगुणाबाई दारात उभी होती, ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

मुखरूभाऊने काठीने माझ्याकडे दाखवलं. “लटारी, सेठले सांग, पायथ्याची माती कोनी उचलली.”

या वेळी मी बोललो. “मी उचलली. सेठ, तुमच्या सांगन्यावरून. तुमच्या भट्टीत टाकली.”

“आता हे कोन आयकते बे?” सेठ म्हणाला.

“हिनं आयकलं ना,” मुखरूभाऊ म्हणाला. सगुणाबाईकडे बोट. “जा तुमी. अंधार होऊन राह्यला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो निघाला. मागे फक्कीवाला, त्याच्या मागे इंजिनिअर, आणि मग अर्धं गाव. ज्येष्ठाचं ऊन, तरी त्याला थंड कुठे लागतं ते कळत होतं. दुकानांच्या मधून, गोठ्यातून, कोणाच्या तुळशीला वळसा न घालता. सेठच्या फाटकावर तो थांबला. यावेळी काठी आपटली नाही. इंजिनिअर म्हणाला, “चला बाबा,” आणि मुखरूभाऊ फाटक ढकलून आत गेला. व्हरांडा चढला. त्याच भेगाळल्या पायांनी दिवाणखान्यात शिरला. सेठची सून बाजूला सरली. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, टाच दाबली, आणि फक्कीवाल्याला म्हणाला, “टाक.” पांढरी रेघ सोफ्याच्या पायापासून गालिच्यावरून टीव्हीखाली गेली.

“ह्याची दुश्मनी हाय माह्याशी!” सेठ इंजिनिअरवर ओरडला. “सारं गाव सांगन तुमाले. ह्या खेकड्याच्या म्हनन्यावरून माहं घर पाडसान?”

इंजिनिअर घुटमळला. “बाबा, तुमचं यांच्याशी जुनं भांडण आहे म्हणतात.”

“हाय,” मुखरूभाऊ म्हणाला. “चला, पुढं अजून रेघ हाय.”

तो खाली उतरत गेला आणि आपल्या घरात शिरला. सगुणाबाई चुलीपाशी बसली होती. त्याने टाच दाबली ती चुलीला लागून. फक्कीवाल्याचा हात थांबला. मुखरूभाऊने त्याच्या हातातला डबा घेतला आणि स्वतः ओतला, चुलीच्या मधून, मागच्या कुडापर्यंत.

“आन् मी कुठी जाऊ?” सगुणाबाईने विचारलं. रडली नाही. नुसतं विचारलं. त्याने डबा फक्कीवाल्याला परत दिला.

इंजिनिअर बाहेर येऊन टोपीने वारा घेत उभा राहिला. चांगला पोरगा होता. म्हणाला, “बाबा, थोडी वळवता येईल. तुमच्यासाठी मी वर विचारतो. आठ दिवसांत कळवतो.”

आम्हा दोघांनाही कळलं. म्हाताऱ्याची दया येऊन वळवली, तरी वळायची ती बाजाराच्या वरूनच, सेठचं घर टाळून. नहर वाकणार, सेठ वाचणार, आणि वर गाव म्हणणार की मुखरूमुळे वाचला. इंजिनिअरची गाडी गेली तरी मुखरूभाऊ रेघेवर उभा होता. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली नाही. मी गेलो तेव्हा घराला शिडी लावलेली आणि मुखरूभाऊ छपरावर. मधल्या आढ्यापासून कवेलू उतरवायला घेतले होते. सगुणाबाई खाली उभी होती, कमरेवर हात.

“आधी भात उतरू द्या चुलीवरचा!” ती वर पाहून ओरडली. “मंग घर उतरवा!”

तो खाली आला. भात झाला. आम्ही तिघांनी खाल्ला, मिठासोबत. डोक्यावर तेवढ्या जागेतून ऊन पडलं होतं. हात धुऊन सगुणाबाईने पदर खोचला आणि शिडीखाली जाऊन दोन्ही हात वर केले.

“एक बी फोडू नका,” ती म्हणाली.

मुखरूभाऊ वर चढला. मी शिडी धरली. तो एकेक कवेलू काढून तिच्या हातात देत गेला, आणि दुपारपर्यंत नहर वळवून वाचवावं असं त्या घराचं काही ठेवलं नाही.